मनोहर माळगावकरांच्या कादंबऱ्या: कोणत्या वाचाव्यात आणि सुरुवात कुठून करावी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मनोहर माळगावकरांच्या महत्त्वाच्या इंग्रजी कादंबऱ्या कोणत्या, पहिली कोणती उघडावी, आणि ‘शिकारी, पलटणी आणि राजेरजवाडे, एवढंच त्यांच्याकडे आहे’ असं तुमचे मार्गदर्शक म्हणाले ते कितपत खरं. माझी सगळी नोकरी इंग्रजी साहित्य शिकवण्यात गेली, माळगावकर मी एम.ए.च्या वर्गाला बरीच वर्षं शिकवले, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

आधी थेट उत्तर. लक्षात ठेवाव्यात अशा कादंबऱ्या पाच: ‘डिस्टंट ड्रम’ (१९६०), ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ (१९६२), ‘द प्रिन्सेस’ (१९६३), ‘अ बेंड इन द गँजेस’ (१९६४) आणि ‘द डेव्हिल्स विंड’ (१९७२). त्यातल्या शेवटच्या तीन खऱ्या मोठ्या. सुरुवात ‘द प्रिन्सेस’पासून करा. प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ नका. ‘डिस्टंट ड्रम’ ही पहिली कादंबरी आहे आणि ते पहिलेपण तिच्यात जागोजागी दिसतं. तिथून सुरू केलेले विद्यार्थी बहुधा तिथेच थांबतात असा माझा अनुभव आहे.

मार्गदर्शकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शिकार, पलटण, राजवाडे हे सगळं आहेच, आणि ते असणारच. माळगावकरांचा जन्म १९१३चा. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले, त्याआधी व्यावसायिक शिकारी, नंतर मँगेनीजच्या खाणी, मग शेती आणि लेखन. लोकसभेला उभे राहून पडलेही. लोंढा-दांडेली पट्ट्यातल्या रानात जगलबेटला त्यांचा बंगला होता, तिथेच ते शेवटपर्यंत राहिले आणि २०१० मध्ये वारले. ज्याला हत्तीच्या मागावर चालणं, मेसमधले रिवाज आणि दरबारातलं बसण्याउठण्याचं शास्त्र हे तिन्ही स्वतःच्या अंगवळणी पडलेलं होतं, असा दुसरा भारतीय इंग्रजी कादंबरीकार मला तरी माहीत नाही. पण हा सगळा माल त्यांनी कशासाठी वापरला हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

माझ्या मते त्यांच्या पाचही कादंबऱ्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत येते. एक माणूस कुठल्यातरी व्यवस्थेला शब्द देऊन बसलेला असतो: पलटणीला, संस्थानाला, क्रांतिकारकांच्या गटाला, अहिंसेच्या व्रताला, पेशवाईच्या गादीला. आणि त्याच्या हयातीतच ती व्यवस्था विरघळते. मग दिलेल्या शब्दाचं काय करायचं? काही जण तो पाळून मरतात, काही मोडून जगतात. माळगावकरांचा कल पहिल्यांकडे आहे हे लपत नाही. पण ते लिहितात मात्र दुसऱ्यांबद्दल जास्त चांगलं. ही खोच धरून वाचलंत तर शिकारीची प्रकरणंही वेगळी दिसू लागतात.

‘द प्रिन्सेस’ घ्या. बेगवाड नावाचं काल्पनिक संस्थान, तिथले हिरोजी महाराज, आणि गोष्ट सांगणारा त्यांचा मुलगा अभयराज. सुरुवातच हिंदुस्थानच्या जुन्या नकाशाने होते. तांबडा रंग ब्रिटिश मुलखाचा, पिवळा संस्थानांचा. आता पिवळा पुसला गेला आहे. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, कोल्हापूर या गावांशी ज्यांचा काही संबंध आहे त्यांना हा पिवळा रंग समजावून सांगावा लागत नाही. दक्षिणेतली लहान संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १९४९ च्या मार्चमध्ये. राजवाड्याचं कॉलेज झालं, पागेत सरकारी दप्तर आलं, हे आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी पाहिलेलं आहे. माळगावकरांनी देवासच्या थोरल्या पातीच्या पवारांचा इतिहास लिहिला, कोल्हापूरच्या छत्रपतींवरही लिहिलं, आणि या दोन घराण्यांचा सांधा तर १९४७ मध्येच जुळला होता: देवासचे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. बेगवाड नकाशावर सापडणार नाही, पण ते हवेतून आलेलं नाही एवढंच सांगायचं.

हिरोजी हे माळगावकरांचं सर्वांत चांगलं पात्र. हट्टी, शूर, दिलदार, क्रूर. चंद्रसूर्य असेपर्यंत बेगवाड राहणार आणि आपलं घराणं त्यावर राज्य करणार, असं ते मुलाला सांगतात आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटतं. इंग्रज बादशहाशी आपल्या पूर्वजांनी तह केला आहे, आपण आपली बाजू पाळली, तेव्हा समोरचाही पाळणार. १९४७ मध्ये इंग्रजांनी सार्वभौम सत्तेचा हात काढून घेतला तेव्हा हा हिशेब एका दिवसात कोसळला. विलीनीकरणाच्या कागदावर सही करून झाल्यावर हिरोजी जखमी वाघाच्या मागावर जातात, आणि ते वाघ मारायला गेलेले नाहीत हे वाचकाला कळायला वेळ लागत नाही. ‘नुसत्या शिकारी’ म्हणणाऱ्याने हे प्रकरण पुन्हा वाचावं. जखमी जनावराचा माग काढून त्याला संपवणं ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी मानली जाते. महाराज ती जबाबदारी पाळतात आणि त्याच आडोशाने स्वतःचा शेवटही करून घेतात. शिकारीचा नियम ठाऊक असलेल्या लेखकालाच हे सुचेल.

पण या कादंबरीचा कणा माझ्या लेखी कनकचंद हा आहे, आणि वर्गात मी जास्तीत जास्त वेळ त्याच्यावर घालवत असे. कनकचंद हा अभयच्या शाळेतला अस्पृश्य मुलगा. वर्गात वेगळा, खाली बसणारा. अभयला त्याच्याबद्दल कणव वाटते, तो त्याला पुस्तक देतो, आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी लागणारा इंग्रजी निबंधही लिहून देतो. लबाडी उघडी पडते. शिक्षा होते ती कनकचंदला: स्वतः महाराज त्याला सगळ्यांसमोर चाबकाने फोडतात. निबंध लिहिणारा युवराज बाजूला उभा राहतो. पुढे हाच कनकचंद प्रजामंडळाचा पुढारी होतो, राजवाड्यावर मोर्चे आणतो, मंत्री होतो. आणि शेवटाकडे अभय स्वतः, वडिलांसारखाच, त्याच माणसावर चाबूक उगारतो.

यावर दोन तऱ्हेने वाद घालता येतो आणि वर्गात दोन्ही होत. एक बाजू म्हणते, लेखकाची सहानुभूती उघड उघड राजपुत्राकडे आहे. कनकचंदला त्याने सूडबुद्धीचा, उद्धट, नवश्रीमंत वागणुकीचा करून ठेवला आहे. आणि शेवटचा चाबूक तर वाचकाने टाळ्या द्याव्यात अशा थाटात येतो. हे म्हणणं खोटं नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन वाचून आलेला मराठी वाचक ‘द प्रिन्सेस’ त्याच डोळ्यांनी वाचणार, आणि त्याने तसंच वाचावं. दुसरी बाजू अशी की गोष्ट अभय सांगतो आहे, आणि जे तो सांगतो त्यापेक्षा जास्त आपल्याला दिसतं. निबंध कोणी लिहिला हे त्यानेच आपल्याला सांगितलेलं असतं. म्हणजे ज्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याने भोगली त्याच्यातला निम्मा वाटा त्याचा स्वतःचा आहे, आणि वीस वर्षांनीही त्या माणसाला बघून त्याचा हात चाबकाकडेच जातो. माझा कौल दुसऱ्या बाजूला, पण निम्माच. माळगावकरांना हा दुहेरीपणा दिसला होता असं मला वाटतं. त्यांना तो आवडला नव्हता एवढंच. काही झालं तरी सुराज्य विरुद्ध स्वराज्य हा भाषणांतून झिजलेला विषय एका मुलाच्या पाठीवर आणून ठेवणं सोपं नाही.

अभयची आई हाही भाग मन लावून वाचा. महाराजांनी बाजूला टाकलेली राणी राजवाड्यातल्या अब्दुल्ला जान नावाच्या अधिकाऱ्याबरोबर निघून जाते, पाकिस्तानात. मुलाला ते सहन होत नाही. पण या बाईचा कोंडमारा लेखकाने फार थोड्या शब्दांत दाखवला आहे, आणि माळगावकरांच्या सगळ्या लेखनात स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी, त्याची किंमत मोजणारी बाई म्हणावी तर हीच. बाकीच्या नायिका बऱ्याचदा पुरुषांच्या कथेतलं बक्षीस किंवा सापळा असतात. हा त्यांचा मोठा दोष आहे. तुमच्या प्रबंधात तो टाळू नका, परीक्षक विचारणारच.

आता ‘अ बेंड इन द गँजेस’. फाळणीवरच्या इंग्रजी कादंबऱ्यांत खुशवंतसिंगांची ‘ट्रेन टू पाकिस्तान’ (१९५६) सगळ्यांना ठाऊक असते. ती एका गावाची, काही दिवसांची गोष्ट आहे. माळगावकरांचा आवाका मोठा: तिशीच्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत, पंजाब, अंदमान, ब्रह्मदेश, आसाम, मुंबई. पहिल्याच प्रकरणात विलायती कपड्यांची होळी पेटलेली असते आणि ज्ञान तलवार हा कॉलेजातला तरुण अंगावरचा आवडता ब्लेझर काढून त्या आगीत टाकतो. त्याने गांधीजींच्या अहिंसेला शब्द दिला आहे. काही प्रकरणांतच, जमिनीच्या भावकीतल्या वैरातून त्याच्या भावाचा खून होतो आणि हा अहिंसावादी कुऱ्हाड घेऊन खुन्याला मारतो. जन्मठेप होऊन अंदमानला जातो. त्याच बोटीवर देबी-दयाल असतो, श्रीमंत बापाचा मुलगा, सशस्त्र क्रांतिकारक. त्याचा गट हिंदू-मुसलमान एकत्र काम करणारा होता, पण शफी उस्मान या पुढाऱ्याचं मन फिरलं आणि हिंदू साथीदार पकडले गेले.

मराठी वाचकाच्या डोक्यात अंदमान म्हणजे सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’. तो तेलाचा कोलू, ते छिलके कुटणं, तो तुरुंगाधिकारी बारीसाहेब. माळगावकरांचं सेल्युलर जेल त्यानंतरच्या काळातलं आहे आणि तिथे सहन करणाऱ्या वीरांपेक्षा सौदे करणारी माणसं जास्त दिसतात. ज्ञान तुरुंगाधिकाऱ्याच्या मर्जीत जातो, देबी-दयालला दगा देतो. एक प्रसंग मी कधी विसरलो नाही. ‘बिग रामोशी’ म्हणून ओळखला जाणारा एक कैदी आहे. जुन्या कैद्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याने घशात खोबण करून घेतलेली असते आणि तिच्यात सोन्याची नाणी लपवलेली असतात. तो मरतो तेव्हा ज्ञान प्रेताचा गळा चिरून ती नाणी काढतो, आणि पुढे त्याच सोन्यावर हिंदुस्थानात आयुष्य नव्याने सुरू करतो. ब्लेझर आगीत टाकणारे हात आणि हे हात एकाच माणसाचे. मधली सगळी पानं हेच तर सांगत असतात की माणूस इथून तिथपर्यंत कसा घसरतो, एकेका पायरीला आपली बाजू स्वतःला पटवत. लेखक त्याला शिव्या देत नाही. उलट कादंबरीच्या शेवटी जिवंत राहतो तो हाच, आणि शब्द पाळणारा देबी-दयाल आगगाडीत, बायको मुमताजसह, दंगलखोरांच्या हाती सापडतो.

कादंबरीच्या सुरुवातीला गांधीजींचाच एक उतारा दिला आहे. आपली अहिंसा ही दुबळ्यांच्या नाइलाजातून आलेली दिसते, संधी मिळताच सूड घ्यायची इच्छा आपण पोटात बाळगून आहोत की काय, अशी शंका त्यात खुद्द गांधीजी व्यक्त करतात. गांधीविरोधी कादंबरी असा शिक्का मारून काही टीकाकार मोकळे होतात, तेव्हा हा उतारा त्यांनी वाचलेला नसतो. माळगावकर गांधींच्याच शंकेची कादंबरी लिहीत होते. प्रस्तावनेवजा टिपणात ते म्हणतात की या कथेतली फक्त हिंसा तेवढी खरी आहे. शेवटची प्रकरणं वाचताना हे वाक्य डोक्यातून जात नाही.

दोषही मोठे आहेत. योगायोग फार. एवढ्या मोठ्या देशात हीच पाच-सहा माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांवर आदळतात. ज्ञान नेमका देबी-दयालच्या बहिणीच्या, सुंदरीच्या, प्रेमात पडतो. शफी उस्मानचं परिवर्तन घाईत उरकलं आहे, आणि फाळणीच्या कादंबरीत मुसलमान क्रांतिकारकाचंच मन इतक्या पटकन फिरावं ही चूक केवळ रचनेची म्हणता येत नाही. पंजाब ही लेखकाची घरची भूमी नव्हती हेही जाणवतं. ज्ञानच्या आजीला तो ‘आजी’च म्हणतो, आणि मराठी वाचकाला तिथे क्षणभर आपण कोल्हापूर-बेळगावकडच्या एखाद्या वाड्यात आहोत असं वाटतं. पण जमिनीचा तो दावा, आजीने त्यापायी विकलेले दागिने, मोठ्या घराचं आणि धाकट्या घराचं वैर, हे इतकं नेमकं आहे की त्या आजीसाठी मी पंजाबची तक्रार सोडून देतो.

‘द डेव्हिल्स विंड’कडे येताना मराठी वाचकाने जरा तयारीने यावं, कारण इथे निवेदक आहेत नानासाहेब पेशवे. कर्जतकडच्या वेणगावच्या भट घराण्यातला हा मुलगा दुसऱ्या बाजीरावाने बिठूरला दत्तक घेतला. बाजीरावाला सालीना आठ लाखांचा तनखा होता. १८५१ मध्ये तो वारला आणि कंपनी सरकारने तनखा नानांना द्यायचं नाकारलं. आपला वकील म्हणून अजीमुल्लाखानाला विलायतेला पाठवूनही उपयोग झाला नाही. मग १८५७, कानपूर, २७ जूनला सतीचौरा घाटावर होड्यांत बसलेल्या इंग्रजांवरचा गोळीबार, १५ जुलैला बीबीघरात बायकामुलांची कत्तल. इंग्रजी पुस्तकांत शंभर वर्षं नानासाहेब म्हणजे राक्षस. आपल्याकडे त्याला उत्तर म्हणून हुतात्मा. माळगावकरांनी दोन्ही पुतळे बाजूला ठेवले आणि माणसाला बोलायला लावलं.

हा नाना ऐषारामी आहे, इंग्रजांना मेजवान्या देणारा, त्यांच्यातल्या काहींशी खरी मैत्री असलेला. त्याला बंड करायचं आहे की नाही हे त्याचं त्यालाच बराच काळ ठरवता येत नाही. इथेही तोच प्रश्न: पेशव्यांच्या गादीला दिलेला शब्द मोठा, की घरी जेवून गेलेल्या गोऱ्या मित्राला दिलेला? सतीचौरा आणि बीबीघर यांच्याबद्दल तो स्वतःची बाजू सांगतो. हुकूम आपला नव्हता, म्हणतो. आणि मग जनरल नीलने अलाहाबाद-कानपूरकडे केलेले अत्याचार मांडतो. वाचकाने इथे सावध राहावं. पराभवानंतर बऱ्याच वर्षांनी, सगळं गमावलेला माणूस आपली कैफियत देतो आहे. तो खोटं बोलतो असं नाही, पण कैफियत ही कैफियत असते. माझ्या विद्यार्थ्यांतले जे कादंबरीला इतिहासाचं पुस्तक समजून वाचत ते फसत, आणि जे नानाच्या प्रत्येक वाक्याला ‘हे तू आत्ता का सांगतो आहेस’ असं विचारत त्यांना ती खुलत असे.

याच्या जोडीला गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचा, असं आग्रहाने सांगतो. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेला गेले आणि नेमके बंडात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. माळगावकरांचा नाना वरून, हत्तीच्या हौद्यातून १८५७ बघतो. गोडसे भटजी पायी, पोटाची भ्रांत घेऊन. दोन्ही शेजारी ठेवले की कादंबरीत काय नाही ते लगेच कळतं: शिपाई नाहीत. म्हणजे आहेत, पण गर्दी म्हणून. ज्यांनी बंड केलं त्यांच्यातला एकही माणूस आत शिरून रंगवलेला नाही. कानपूरचा इंग्रज सेनापती जनरल व्हीलर याची मुलगी एलायझा आणि नाना यांचं प्रेमप्रकरण मात्र सविस्तर आहे, आणि तिथे कादंबरी मला रंजक चित्रपटाकडे झुकलेली वाटते. तरीही भाषेच्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत तयार कादंबरी. पहिल्या पुस्तकातला मेसमधला उडता इंग्रजी सूर इथे पूर्ण गेलेला आहे, वाक्याला वजन आलं आहे.

राहिलेल्या दोन. ‘डिस्टंट ड्रम’मध्ये किरण गरुड हा सातपुडा रेजिमेंट नावाच्या काल्पनिक पलटणीतला अधिकारी. इंग्रज अधिकाऱ्यांकडून घेतलेली शिस्त आणि नव्या राज्यकर्त्यांची ढवळाढवळ यांच्यात तो सापडतो. राजकारणी मंडळी इथे निव्वळ अर्कचित्रं आहेत. लेखकाचा राग दिसतो, कला दिसत नाही. पण एका प्रसंगासाठी पुस्तक हातात घ्यावं. काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर किरणला समोरच्या बाजूला त्याचा जुना सोबती अब्दुल जमाल भेटतो, आता पाकिस्तानी सैन्यात. दोघं रेषेवरच बसून एकत्र खातात-पितात, जुन्या पलटणीच्या गप्पा मारतात. वरिष्ठांना ते अर्थातच खपत नाही. फौजा वाटल्या गेल्या तेव्हा टेबलं-खुर्च्यांपासून बँडच्या वाद्यांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली. मैत्रीची कशी करायची याचा कुठला हुकूम निघाला नव्हता. हे फक्त फौजी माणूसच लिहू शकला असता.

‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ आसामच्या चहामळ्यातली. हेन्री विंटन हा इंग्रज मॅनेजर, रूबी मिरांडा ही अँग्लो-इंडियन शिक्षिका, आणि हेन्रीच्या इंग्रज बायकोशी जवळीक साधणारा एडी ट्रेव्हर. सुरुवातीला गीतेतला इच्छा-द्वेषाचा श्लोक आहे, पण कादंबरी त्या उंचीला जात नाही. ती एक घट्ट विणलेली सूडकथा आहे. हेन्री एडीला पिसाळलेल्या हत्तीवर पाठवतो आणि सदोष काडतुसं घेऊन जाऊ देतो. पुढे त्याचा हिशेब त्याच्याच शिकारखोपटात चुकता होतो. वेगवान वाचन हवं असेल तर जरूर वाचा. भारतीय लेखकाने इंग्रजांना मुख्य पात्रं करून, त्यांच्याच क्लबात बसून लिहिलेली कादंबरी म्हणून अभ्यासालाही ती उपयोगी आहे. यापेक्षा जास्त वेळ तिला देऊ नका.

‘स्पाय इन अँबर’, ‘द गार्लंड कीपर्स’, ‘बँडिकूट रन’ वगैरे नंतरची हेरकथांची पुस्तकं प्रवासात वाचायची. ‘शालिमार’ तर चित्रपटावरून केलेली कादंबरी. ती प्रबंधात घालून पानं वाढवू नका. त्याऐवजी त्यांच्या इतिहासलेखनाकडे वळा. कान्होजी आंग्र्यांवरचं त्यांचं १९५९ चं पुस्तक मराठीत आलं ते पु. ल. देशपांड्यांच्या अनुवादातून, हे पुलंच्या चाहत्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. गांधीहत्येच्या कटावरचं ‘द मेन हू किल्ड गांधी’ हे त्यांचं इतिहासातलं सर्वांत गाजलेलं काम. कादंबरीकार म्हणून त्यांनी पात्रं उभी करायला जे कसब कमावलं ते तिथे कटातल्या माणसांवर चालवलं आहे, आणि कागदपत्रांचा आधार असल्यामुळे योगायोगांची सवय आपोआप आवरली गेली आहे.

मग एवढं असून अभ्यासक्रमात ते मागे का पडले? माझा अंदाज सांगतो. तिशीच्या दशकात मुल्कराज आनंद, आर. के. नारायण आणि राजा राव या तिघांनी पाया घातला आणि पाठ्यपुस्तकं त्यांच्यावर उभी राहिली. १९८१ मध्ये रश्दींची ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ आली आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. माळगावकरांची ऐन उमेदीची पुस्तकं मधल्या फटीत, साठीच्या दशकात पडली. शिवाय ते गोष्ट सरळ सांगतात, आणि सरळ गोष्टीवर लेख पाडणं टीकाकारांना जड जातं. त्यात त्यांची मतं पुरोगामी वर्गाला रुचणारी नव्हती. आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूरच्या जुन्या वाचनालयांत मात्र त्यांची पुस्तकं झिजलेली सापडतात, म्हणजे वाचक होते.

तुमच्या प्रबंधाबद्दल शेवटचं. ‘माळगावकरांच्या कादंबऱ्यांतील इतिहास’ हा विषय घेऊ नका. त्यावर इतके प्रबंध झाले आहेत की मार्गदर्शक न वाचताच सही करतील. कनकचंद आणि ज्ञान यांना समोरासमोर ठेवा. एकाला दुसऱ्याच्या शब्दापायी चाबूक खावा लागला, दुसऱ्याने स्वतःचा शब्द मोडून जीव वाचवला. ‘द प्रिन्सेस’ आणि ‘बेंड’ ही पुस्तकं लागोपाठच्या दोन वर्षांत आली आहेत, म्हणजे लेखकाच्या डोक्यात ही दोन्ही माणसं जवळपास एकाच वेळी वावरत होती. आधी ही दोन पुस्तकं पेन्सिल घेऊन संपवा, टीकाग्रंथ मग उघडा. ‘डेव्हिल्स विंड’ दिवाळीच्या सुट्टीला ठेवा, आणि गोडसे भटजी त्याच्या आधी.